तिसऱ्या ओळीतली दुसरी पाटी

इपोह, मलेशिया
२४ फेब्रुवारी २०१९

प्रिय मुई,

पुढचं वाचण्याआधी एक काम कर. एका कार्डावर ‘मी बरी आहे’ एवढं लिही आणि टपालपेटीत टाकून ये. सही नको, मायना नको. मला ‘काजे’ म्हणून हाक मारायची नाही असं तू ठरवलंस त्याला अकरा वर्षं होतील. ते मोडायला मी सांगत नाही, आणि थोरल्या बहिणीचा हक्क गाजवते आहे असंही समजू नकोस. तुझं अक्षर दिसलं की मला पुरे.

तसं कारण काही नाही. साठी उलटली की माणूस उगाच चौकश्या करतो. तुझा जुना फोन नंबर आता तुमच्याकडच्या एका मासेवाल्याकडे आहे. मी लावून पाहिला. फार सभ्य माणूस होता. म्हणून हे पत्र.

माझं ठीक चाललं आहे. रेमंड गेल्यापासून घर जरा जास्तच मोठं झालंय, पण रविवारी चर्च असतं आणि गुरुवारी पुष्पम येते. पुष्पम तुला आठवेल. आमच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि नकाशावर छडी आपटून बोलायची. तिच्याकडे अजून तीच खडखडणारी गाडी आहे, माझ्याकडे रेमंडचा कॅमेरा. दर गुरुवारी सकाळी कॉफी पिऊन आम्ही निघतो, खाणींच्या बाजूची ओसाड गावं फिरतो आणि रिकाम्या इमारतींचे फोटो काढतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना खूळ लागलंय. लागलं असेल. पण तू पाहायला हवंस. कथील संपलं, माणसं उठून गेली आणि रंग तेवढे मागे राहिले. उन्हापावसात ते विटले नाहीत, मुरले.

पुष्पमचे नियम कडक आहेत. “फोटो काढायचा, बाकी काही काढायचं नाही,” असं ती उतरतानाच बजावते. वीट उचलायची नाही, खिळा हलवायचा नाही. दाराशी उभं राहून आधी मोठ्यानं विचारायचं, येऊ का म्हणून. उत्तर आलं नाही तरच आत जायचं. “आणि आलं तर?” मी एकदा विचारलं. “तर तू पुढे हो,” ती म्हणाली. “तू कॉन्व्हेंटची. जे असेल त्याच्याशी इंग्रजीत बोल.”

सोबत तीन फोटो पाठवते आहे, तिन्ही केलादी गावचे. गुलाबी थिएटर, तिकिटाच्या खिडकीतून पिंपळ बाहेर आलाय. शिंप्याचं पिवळं दुकान, पोपटी झडपांचं. आणि वैद्याचं घर, ज्याच्या प्रत्येक मजल्याला वेगळा रंग आहे. आपण लहानपणी त्याला थरांची मिठाई म्हणायचो. चौथाही फोटो आहे, पण तो हललाय म्हणून पाठवत नाही.

निळा मठ अजून उभा आहे, युन-जेचा. मी बाहेरूनच पाहिला.

कार्ड आजच टाक.

तुझी काजे,
यूक लिन


९ मार्च २०१९

प्रिय मुई,

कार्ड आलं नाही. पोस्टातली मुलगी म्हणते, टास्मानियाला पत्र जायलाच आठ-दहा दिवस लागतात आणि परत यायला तेवढेच. मला हिशेब समजतो, धीर धरवत नाही. म्हणून हे पत्र पोचपावतीनं पाठवते आहे. घेताना तुला सही करावी लागेल. तेवढी तरी होईल.

पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. फोटो हललेला नाही. आणि मठ मी बाहेरून पाहिला नाही, आत गेले.

एकवीस तारखेच्या गुरुवारी नियमाप्रमाणे दाराशी विचारलं. उत्तर आलं नाही, पण शांतताही नव्हती. शेजारच्या दुकानात कुणीतरी पाकोळ्या पाळल्या आहेत. सगळ्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्यात आणि आत दिवसभर पाखरांच्या आवाजाची टेप लावलेली असते, खऱ्या पाखरांनी यावं आणि सुपासाठी विकायची ती महागडी घरटी करावीत म्हणून. त्या चिवचिवाटाला खंड नाही, श्वास नाही. तो ऐकत मी त्या भिंतीसमोर उभी राहिले.

भिंतीचा रंग तोच आहे, मुई. चुन्यात नीळ कालवलेला. सणाच्या दिवशी युन-जे आपल्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे तिरके व्हायचे. मग ती आपल्याला इथे आणायची, आणि मठातल्या बायका आपल्या ताटात सोयाबीनचं खोटं बदक वाढायच्या. सगळ्या तिच्यासारख्याच. केस बांधून लग्न न करण्याची शपथ घेतलेल्या, तिनं आपल्याला वाढवलं तशी लोकांची पोरं वाढवलेल्या, पुढेमागे आपल्या नावानं उदबत्ती लावायला कुणी नसेल म्हणून इथे नावाची पाटी करून ठेवलेल्या. पाट्या जागेवर आहेत. उघडी असेल ती मेलेल्या बाईची, लाल कागदात झाकलेली असेल ती जिवंत बाईची. हे मी तुला काय सांगते आहे? तूच मला सांगितलं होतंस, सहा वर्षांची असताना, डोळे मोठे करून: लाल कागद पडला की माणूस पडतो.

आता बहुतेक पाट्या उघड्या आहेत. तिसऱ्या ओळीत चार होत्या. उजवीकडची शेवटची उघडी, बाकी तिन्हींवर कागद, लाल उडून गुलाबी झालेला. डावीकडून दुसरीवरच्या कागदाचं टोक सुटलं होतं. फोटोत नाव यावं म्हणून मी ते धरलं. फक्त धरलं. कागद हातात आला.

मला चिनी वाचता येत नाही. मला कॉन्व्हेंटात घातलं आणि तुला चिनी शाळेत, यावरून आपण जन्मभर एकमेकींना टोचलं आहे. मला तीनच अक्षरं येतात, माझ्या नावाची. फूंग. यूक. लिन. त्या पाटीवरची पहिली दोन माझीच होती.

तिसरं माझं नव्हतं.

मी कॅमेरा उचलून फोटो काढला. का काढला ते सांगता येत नाही, हात सवयीनं काम करतात. पुष्पम दारातून म्हणाली, “काय काढलंस?” मी म्हणाले, फोटो.

यूक तर आपल्या दोघींच्या नावात आहे. तुझं नाव त्या भिंतीवर कधी गेलं, मुई? मला कुणी सांगितलं नाही.

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना फादर म्हणाले, तू माती आहेस. दरवर्षीच म्हणतात. या वर्षी मला ते तुझ्याबद्दल वाटलं. नंतर थांबून मी त्यांना सगळं सांगितलं. तरुण आहेत, त्यांनी हसू दाबलं. म्हणाले, पाप म्हणण्याजोगं काही नाही, अंधश्रद्धेला थारा देऊ नका. पाप असतं तर बरं झालं असतं. त्याची क्षमा तरी मागता येते.

तो कागद माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. लिही.

यूक लिन


१८ मार्च २०१९

प्रिय मुई,

शुक्रवारी दुपारी घरचा फोन वाजला. फोनवर परदेशचा लांबलचक आकडा दिसत होता. मी भांडी घासत होते. हात पुसत फोनपाशी गेले आणि उभी राहिले. सहा वेळा वाजला, थांबला, परत सहा वेळा वाजला. मी उचलला नाही. मला वाटलं, कुणी परका आवाज माझं नाव विचारेल, मी तुझी कोण ते विचारेल आणि मग जरा थांबेल. ते थांबणं मला ऐकायचं नव्हतं. न उचललेल्या फोनमध्ये तू जिवंत आहेस.

पुष्पमला सांगितलं तर ती भडकली. म्हणाली, “अगं, ती कुठली तरी विमा विकणारी बाई असेल.” मग माझं तोंड पाहून तिनं विषय बदलला. पण ती मला साम-कूकडे घेऊन गेली. साम-कू आठवते? मठाच्या स्वयंपाकघरातली, सगळ्यांत तरुण, कायम हसणारी. आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पुसिंगच्या वृद्धाश्रमात असते. कान शाबूत, दात एकही नाही. मी फोटो दाखवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला आणि तुझं नाव सबंध वाचलं. फूंग यूक पिंग. मी इतके दिवस म्हणत होते, कदाचित दुसरीच कुणी यूक असेल.

ती म्हणाली, परदेशी जाण्याआधी तू स्वतः येऊन पाटी कोरून घेतलीस, युन-जेच्या डाव्या हाताला. युन-जे दिवसभर रडत होती आणि सगळ्यांना वाढत होती.

मी म्हणाले, कागद माझ्याजवळ आहे, मी उद्याच जाऊन चिकटवते.

“असा नाही चिकटवायचा,” साम-कू म्हणाली. “जिवंत माणसाचं नाव चुकून उघडं पडलं तर आधी त्या माणसाला हाक मारायची. तिनं ओ दिली की मग झाकायचं.”

“आणि ओ नाही दिली तर?”

“मेलेल्या माणसाला लाल कागद लावणं म्हणजे थट्टा झाली. तुमच्या शाळेत एवढंही शिकवलं नाही?”

मग तिनं विचारलं की मुळात मी कागदाला हात का लावला. मी फोटोचं सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोरी, मी बहिरी नाही.”

तेव्हा तुलाही खरं सांगते. केलादीला आम्ही सहज फिरत फिरत गेलो नव्हतो. गेली दोन वर्षं मी पुष्पमला या रस्त्यानं, त्या रस्त्यानं नेते आहे, प्रत्येक गुलाबी-पिवळ्या भिंतीसमोर उभी राहते आहे, ते सगळं त्या निळ्या भिंतीपर्यंत जायचा धीर गोळा करण्यासाठी. युन-जेनं मला सांगून ठेवलं होतं: तिसऱ्या ओळीतली दुसरी. मी गेले की माझा कागद तू काढ, थोरली आहेस. मी तो काढला नाही. अकरा वर्षं तिचं नाव जिवंतांत पडून आहे, कारण ती गेली हे मठाला मी कळवलंच नाही. कोणत्या तोंडानं कळवणार होते? तिला मी पुरलं होतं क्रुसाखाली, ‘अ‍ॅना’ म्हणून.

तर मी तिचा कागद काढायला गेले होते. टोक सुटलेलं नव्हतं. मी नखानं सोडवलं आणि ओढलं.

साम-कूनं विचारलं, “कुठून मोजलंस?”

डावीकडून, मी म्हणाले. दुसरं कुठून मोजतात?

“म्हणजे शेवटाकडून,” ती म्हणाली. आपले लोक उजवीकडून मोजतात, मुई. उजवीकडची पहिली युन-जेच्या मानलेल्या बहिणीची, दुसरी युन-जेची, तिसरी तुझी. मी सिस्टर इग्नेशियसच्या वर्गात बसल्यासारखी डावीकडून बोट ठेवत गेले.

अजून एक. मठ विकला गेलाय. शेजारच्या पाकोळीवाल्यानंच घेतलाय. चिंगमिंगचा, पितरांचा सण होऊ द्यायला तो कबूल आहे, आठ एप्रिलला गवंडी येणार. खिडक्या बुजवणार, टेप लावणार. मी त्याला विचारलं, भिंतीचा रंग ठेवाल का? वाईट माणूस नाही तो. म्हणाला, “आँटी, पाखरांना अंधार लागतो. रंग कोण बघतो?” ज्या पाट्यांच्या घरचं कुणी येईल त्या घेऊन जाव्यात, उरलेल्या तो भटजी बोलावून रीतसर जाळणार आहे.

उघडी पाटी मी घरी कशी आणू? म्हणजे तुझं नाव उघडं जळणार. आठ तारखेच्या आत मला तुझी ओ हवी आहे.

मी हाक मारते आहे. यूक पिंग. आ-पिंग. मुई.

काजे


२९ मार्च २०१९

प्रिय मुई,

पोचपावती परत आली. सहीच्या जागी तुझी सही नाही.

कुणाची आहे ते वाचता येत नाही. मोठं, गोल, डावीकडे कललेलं अक्षर आहे. पहिलं अक्षर ‘एम’ असावं. मी तासभर भिंग घेऊन बसले. तुझं पत्र दुसरं कुणी का घेईल? तू घरात असशील तर दाराशी का येणार नाहीस? पुष्पमनं दहा कारणं सांगितली, शिक्षिकेसारखी बोटांवर मोजून. दहावं सांगून झाल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि तिनं माझा हात धरला. तेव्हा मला खरी भीती वाटली. पुष्पम कुणाचा हात धरत नाही.

जेवण जात नाही. काल खिमट केलं, खारवलेल्या मुळ्याबरोबर, युन-जे आजारपणात करायची तसं. दोन वाट्या काढल्या. एक परत पातेल्यात ओतली.

आता हे कुणाला लिहिते आहे ते मला माहीत नाही. पण तू असशील आणि वाचशील असं धरून चालते. एक गोष्ट उरली आहे, ती फादरनासुद्धा सांगितलेली नाही.

तू विमानतळावरून थेट इस्पितळात आलीस, युन-जे गेल्यानंतर दोन दिवसांनी. तिच्या छातीवर क्रूस होता आणि शवपेटीवर अ‍ॅना लिहिलेलं होतं. तू सगळ्यांदेखत मला विचारलंस, “अ‍ॅना कोण?” मी म्हणाले, युन-जेनं शेवटी येशूला हो म्हटलं. मी विचारलं आणि तिनं मान हलवली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि निघून गेलीस. तेव्हापासून तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

तिनं मान हलवली नाही, मुई.

ती तीन दिवस शुद्धीवर नव्हती. फादर पाणी घेऊन पायथ्याशी उभे होते, तेव्हाचे वृद्ध फादर, त्यांना ऐकू कमी यायचं. ते म्हणाले, तिची इच्छा आहे का ते विचारा. मी वाकून तिच्या कानात विचारलं. काही झालं नाही. मी परत विचारलं. मग मी तिची उशी सारखी केली. तेव्हा तिचं डोकं हललं. मी म्हणाले, पाहिलंत, फादर?

मी दुष्टपणानं केलं नाही. मी घाबरले होते. कॉन्व्हेंटात आम्हाला सांगत, बाप्तिस्मा झाला नाही तर तिकडे भेट नाही. आई मला आठवते ती फक्त एका निळ्या फ्रॉकच्या काठाएवढी. बाकी सगळी युन-जेच. माझी वेणी, माझा ताप, माझ्या लग्नातला चहा, सगळं तिच्या हातचं. ती एका दारानं जाणार आणि मी दुसऱ्या, आणि मग कधीच नाही, हे मला सहन झालं नाही. मला तिला परत भेटायचं होतं. म्हणून मी उशी हलवली.

तिनं साठ वर्षं मांस खाल्लं नाही, लग्न केलं नाही, एका भिंतीवर हातभर जागा मिळवली. मी तीही तिला दिली नाही.

हे वाचून तुला माझं तोंड पाहावंसं वाटणार नाही. नको पाहूस. पण जिवंत असून नको पाहूस.

यूक लिन


७ एप्रिल २०१९

प्रिय मुई,

तुझं पत्र परवा आलं, बरोबर चिंगमिंगच्या दिवशी. पोस्टमन फाटकाशी उभा होता आणि मी घराच्या दारात. मधलं अंगण काही मला ओलांडवेना. शेवटी तोच आत आला आणि म्हणाला, “आँटी, बॉम्ब नाही, पत्र आहे.” पाकिटावर तुझं अक्षर होतं, जरा वाकडं. तिथेच पायरीवर बसून उघडलं.

पहिल्या ओळीत एकच अक्षर लिहिलं होतंस. ‘ओ.’

पुढचं वाचायला मला बराच वेळ लागला. चष्म्यातून दिसेना.

तुझं पत्र मला आता पाठ आहे. अंजिरं काढायला या वयात शिडीवर चढलीस. खुबा मोडला, पाच आठवडे झाले, शेजारीण मार्गारेट तुझी पत्रं सही करून घेते आणि इस्पितळात आणून देते. तो ‘एम’ मार्गारेटचा. मी तिच्या अक्षराला मनात काय काय म्हणाले, तिला सांगू नकोस. तू तिथून फोन केलास, दोनदा. ‘स्वतः फोन उचलत नाहीस आणि वर लिहितेस की मी उत्तर देत नाही.’ बरोबर आहे तुझं. पुष्पमला हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा तिनं टाळीच वाजवली.

आणि मग ते वाक्य: ‘तू कागद काढलास एकवीस तारखेला. मी पडले वीसला. जगात प्रत्येक गोष्ट तुझ्यामुळे होत नाही, काजे.’

त्यातला शेवटचा शब्द मी किती वेळा वाचला, ते सांगत नाही.

काल शनिवारी आम्ही केलादीला गेलो. साम-कूला गाडीत घातलं. ती सगळा रस्ताभर पुष्पमच्या गाडीला नावं ठेवत होती. म्हणाली, याहून आमची खाणीतली ढकलगाडी बरी. मठाच्या दाराशी पुष्पमनं विचारलं, येऊ का? साम-कू म्हणाली, “ये, मी आतच राहायचे,” आणि काठी टेकत तिच्या पुढे झाली.

खळ मी घरून करून नेली होती. तू बजावलंस ना, चिकटपट्टी नको, तांदळाची खळ. एकटीनं लावला असता तर कागद वाकडा बसला असता. पुष्पमनं वरची दोन टोकं धरली, मी खालची. साम-कू मागून म्हणाली, “हाक मारलीस?” मारली. “ओ दिली?” मी तुझं पत्र काढून दाखवलं. तिला परदेशच्या पत्राचं काय कळणार? पण तिनं ते पहिलं अक्षर बोटानं चाचपलं आणि मान डोलावली. आपणहून.

मग युन-जे. तिच्या कागदाला हात लावायला मला पंधरा मिनिटं लागली. शेजारी त्या टेपमधली पाखरं ओरडत होती. मी म्हणाले, युन-जे, तू गेलीस. अकरा वर्षांपूर्वी, पहाटे, मी तुझा हात धरला होता. सांगायला उशीर केला. कागद कोरड्या पानासारखा सुटला. खालचं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं, म्हणून साम-कूनं मोठ्यानं वाचलं. इतकी वर्षं आपण तिला नुसतं युन-जे म्हटलं, तिचं आडनाव लाउ होतं हे मला काल कळलं. तुला माहीत असेल.

त्या भिंतीचा मी एकच फोटो काढला, सोबत पाठवते आहे. झडपेतून उतरतं ऊन निळ्यावर पडलंय, तुझा कागद ओला असल्यामुळे जास्त लाल दिसतोय. उद्या तिथे अंधार असेल.

चौथी पाटी, डावीकडची शेवटची, तिच्याकडे मी पाहतसुद्धा नव्हते. तीही झाकलेली होती. त्या दिवशी माझं बोट जिच्यावरून पुढे सरकलं, ती. मला वाटलं, खाली पहिली दोन अक्षरं परत तीच निघाली तर? साम-कूच म्हणाली, “ती काढ. ती कोरी आहे.” युन-जेनं करून ठेवलेली. तेव्हा रेमंड होता, मला सासर होतं, माझ्या नावाची सोय तिकडे होती. मठातल्या बायकांनी तिला तसं सांगितलंही. तर ती म्हणाली म्हणे, “असू दे एक. नवरे काही पुरत नाहीत.”

तिन्ही पाट्या घरी आणल्या आहेत. येशूच्या तसबिरीखालच्या कपाटावर ठेवल्यात. पुष्पम म्हणाली, बिचारा इतकी वर्षं एकटा होता, त्याला शेजार झाला. फादरना अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही बहुधा.

आता भीती गेली का? नाही, मुई. तू हे ‘काजे’ लिहिलंस तेव्हा माझं २९ मार्चचं पत्र तुला मिळालेलं नव्हतं. ते अजून वाटेत आहे. मी पोस्टात जाऊन त्या मुलीला विचारलं, टाकलेलं पत्र परत मागवता येतं का. ती म्हणाली, नाही. मी तीन वेळा विचारलं. मग घरी येताना वाटलं, बरंच झालं. येत असतं तर मी ते मागवून घेतलं असतं आणि तुला उशीबद्दल कधीच कळलं नसतं.

तेव्हा ते येईल. या पत्राच्या आधी येईल बहुधा. ते वाचून तुला पुन्हा विचारावंसं वाटेल, अ‍ॅना कोण. विचार. या वेळी मी युन-जेचं नाव पुढे करणार नाही.

सप्टेंबरपर्यंत तुला विमानात बसू देणार नाहीत असं तू लिहिलंस. त्याच्या पुढे काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पाटी कोरी आहे. तिच्यावरची तीन अक्षरं मला काढता येतात, पण ती तू काढावीस असं वाटतं, तुझा हात बरा. लाल कागद आणून ठेवलाय. खळ मात्र शिळी चालत नाही, ती तू आलीस की करू. आणि ते पत्र वाचून यावंसं वाटलं नाही तर पाटी तशीच राहील, तेही मी समजेन.

वाचून झालं की फक्त एकदा ओ दे. घरचा नंबर तोच आहे. मी आता खुर्ची फोनपाशीच आणून ठेवली आहे. पहिल्याच घंटेला उचलीन.

काजे